बेळगाव सीमाभागात समुपदेशकाची नोकरी: कुठे शोधायची, कशी मिळवायची

दहावीपर्यंत मराठी माध्यम, बेळगावात बी.ए., मग मानसशास्त्रात 58 टक्क्यांनी एम.ए. राहणं खानापूर तालुक्यात. कन्नड कानाला कळतं, बोलताना अडखळायला होतं, लिहिता येत नाही. सात महिन्यांत वीसेक अर्ज गेले, बोलावणं एकाही ठिकाणाहून नाही. जिल्हा सोडायचा नाही, समुपदेशकाचं काम हवं आहे आणि पुढे हा विषय शिकवायचाही आहे. घरचे मात्र ‘बी.एड. कर आणि मोकळी हो’ म्हणतात. प्रश्न खानापूरच्या एका मुलीचा आहे, पण निपाणी, चिकोडी, संकेश्वर, अथणीकडच्या अनेकांची अडचण हीच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहावं लागेल.

बी.एड.चं आधी संपवू. शाळेत शिक्षक व्हायचं असेल किंवा सरकारी पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचं असेल, तर बी.एड. लागतं. समुपदेशकाच्या पदाला लागत नाही. मनात समुपदेशन असताना घरच्यांच्या समाधानासाठी दोन वर्षं बी.एड.ला घालवली, तर एम.ए.त शिकलेलं हाताखालून निसटतं आणि अनुभवाच्या रकान्यात काहीच येत नाही. तीच दोन वर्षं रुग्ण बघण्यात गेली तर पुढची दारं उघडतात.

अर्ज छाननीतच वाया जाण्याचं मोठं कारण कन्नड हे नसून पदनाम हे असतं. जाहिरातीत ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहिलेलं असेल तर साध्या एम.ए.वर तो अर्ज पहिल्याच छाननीत बाजूला पडतो. हे पद भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, नोंदणीशी बांधलेलं आहे. 1992 च्या आरसीआय कायद्याप्रमाणे केंद्रीय नोंदवहीत नाव नसताना असं काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ची व्याख्या याच मान्यतेवर उभी आहे. त्यामुळे अर्जात, पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर स्वतःला ‘समुपदेशक’ म्हणा, हवं तर ‘कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट’ म्हणा, पण ‘क्लिनिकल’ हा शब्द लावू नका. मुलाखत घेणारा मनोविकारतज्ज्ञ असेल तर त्याची नजर पहिली तिथेच जाते.

तसंच ‘सायकियाट्रिक सोशल वर्कर’ हे पद एम.एस.डब्ल्यू. आणि त्यापुढच्या प्रशिक्षणाचं. तुमच्यासाठीची पदं ‘कौन्सेलर’, ‘समुपदेशक’, ‘आप्तसमालोचक’ या नावांनी निघतात. कन्नड जाहिरातीत हा शेवटचा शब्दच असतो. फक्त इंग्रजीत ‘कौन्सेलर’ शोधत बसलात तर निम्म्या जाहिराती नजरेतून सुटतात.

क्लिनिकलकडे जायचं असेल तर सर्वांत जवळची सरकारी संस्था म्हणजे धारवाडची डिमहान्स, बेळगावपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर. या अभ्यासक्रमांचे नियम सध्या बदलत आहेत. क्लिनिकलची नोंदणी मुख्यतः एम.फिल.वर होत आली. यूजीसीने ती पदवी बंद केली, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना 2025-26 पर्यंत मुदत दिली. म्हणून कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी आरसीआयच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्या संस्थेचं नाव, नेमका अभ्यासक्रम, मंजूर जागा आणि कोणत्या वर्षापर्यंत मान्यता आहे, या चारही गोष्टी जुळतात का बघा. संस्थेला मान्यता असते, पण ती विशेष शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला असते आणि जाहिरात मात्र ‘आरसीआय मान्य’ म्हणून समुपदेशनाच्या डिप्लोमाची केलेली असते. ही फसवणूक नेहमीची आहे.

आता काम कुठे आहे ते.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा नमुना मुळात कर्नाटकातलाच. बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 1985 मध्ये बळ्ळारी जिल्ह्यात तो करून पाहिला आणि 1996 पासून तो देशात 4 जिल्ह्यांपासून पसरत गेला. त्यात मनोविकारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, परिचारिका अशी पदं असतात. समुपदेशकाचं पद दर वेळी असतंच असं नाही. तरी तालुका रुग्णालयांत मंगळवारी होणाऱ्या ‘मनोचैतन्य’ तपासणीला जाऊन बसण्याची परवानगी मागा. जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयातल्या मानसिक आरोग्य विभागाला रीतसर अर्ज द्यायचा: तीन महिने, आठवड्यातून एक दिवस, विनामोबदला, केस हिस्टरी घेण्यात मदत. तीन महिन्यांचे बारा मंगळवार झाले की हाती अनुभवाचं पत्र येतं. वीस अर्जांनी जे झालं नाही ते त्या एका पत्राने होऊ शकतं.

एम.ए. झालेल्यांनी ज्याकडे हमखास दुर्लक्ष केलेलं असतं, ते म्हणजे आयसीटीसी, एचआयव्ही चाचणी आणि समुपदेशन केंद्र. उत्तर कर्नाटकात एचआयव्हीचं काम जुनं आहे आणि मोठं आहे. भरती कर्नाटक राज्य एड्स प्रतिबंधक सोसायटीच्या नियमांनी जिल्हा पातळीवर होते. मानसशास्त्र, समाजकार्य, समाजशास्त्र अशा विषयांचे लोक चालतात आणि पदव्युत्तर असाल तर अनुभवाची अट सौम्य असते. ‘एम.ए. करून एचआयव्हीत कशाला?’ हा विचार मनातून काढून टाका. चाचणीआधीचं बोलणं, संमती, बातमी सांगणं, जोडीदाराला कसं सांगायचं ते ठरवणं, औषध सुटू नये म्हणून पाठपुरावा हे सगळं रोज करावं लागतं. दोन वर्षांत हात जेवढा बसतो तेवढा कुठल्याही सर्टिफिकेट कोर्सने बसत नाही. मुलाखतीत विंडो पिरियड म्हणजे काय, जोडीदारांपैकी एकालाच लागण असेल तर काय सांगाल, गरोदर बाई पॉझिटिव्ह आली तर पुढची पायरी कोणती, 2017 च्या एचआयव्ही कायद्यात गोपनीयतेबद्दल काय आहे, हे विचारतात. चार दिवसांत तयारी होते.

किशोरवयीनांसाठीची केंद्रं कर्नाटकात ‘स्नेह क्लिनिक’ म्हणून ओळखली जातात, पलीकडे महाराष्ट्रात ‘मैत्री’. महिला व बालकल्याण खात्याकडे जिल्हा बालसंरक्षण कक्षात समुपदेशकाचं पद असतं. अडचणीतल्या महिलांसाठी सखी वन स्टॉप सेंटर आणि स्वयंसेवी संस्थांकडून चालवली जाणारी ‘सांत्वन’ केंद्रंही आहेत. पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या, खटल्यात मुलासोबत उभा राहणारा ‘सपोर्ट पर्सन’ बालकल्याण समिती नेमते. हे पूर्ण वेळेचं काम नव्हे, पण मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीवर त्या यादीत नाव जाऊ शकतं. समितीच्या कार्यालयात समक्ष जाऊन विचारा. बहुतेक जण हे विचारतच नाहीत.

या पदांच्या जाहिराती बेळगाव जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर ‘रिक्रुटमेंट’ या भागात लागतात, अनेकदा फक्त कन्नडमध्ये, आणि मुदत दहा-पंधरा दिवसांची. आठवड्यात दोन ठरलेल्या दिवशी तो भाग उघडायचाच. मराठी दैनिकांवर विसंबून चालत नाही, कारण सरकारी कंत्राटी पदांची जाहिरात तिथे येईलच असं नसतं. खासगी शाळा आणि रुग्णालयं मात्र मराठी पेपरात जाहिरात देतात.

शाळांकडे सध्या सर्वांत जास्त लक्ष द्यावं असं माझं मत आहे. सीबीएसईच्या संलग्नता नियमांत माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांना समुपदेशक ठेवावाच लागतो. त्यावर जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आत्महत्या प्रतिबंधाबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. 100 किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी करावी, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं, टेलिमानससारख्या मदतसेवांची माहिती वर्गांत आणि वसतिगृहांत ठळक लावावी. क्लासेसनाही हे लागू आहे. बेळगाव, गोकाक, निपाणी, चिकोडीतल्या कित्येक संस्थांना ही सूचना ठाऊक आहे, पण ती पाळायची कशी हे कळत नाही. पूर्ण पगाराचा माणूस त्यांना परवडत नाही.

म्हणून ‘नोकरी आहे का?’ असं विचारत जाऊ नका. एका पानाचा प्रस्ताव घेऊन जा. आठवड्यात एक दिवस, सकाळी दहा ते चार. त्यात वैयक्तिक भेटी सहा, एका वर्गात एक तास, पालकांसाठी शेवटचा अर्धा तास. वर्षातून दोन शिक्षक-प्रशिक्षणं, प्रत्येकी तीन तास. महिन्याला एक अहवाल, त्यात आकडे असतील पण मुलांची नावं नसतील. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक मराठी आणि कन्नडमध्ये छापून भिंतीवर. असे तीन-चार दिवस वेगवेगळ्या संस्थांत लागले की आठवडा भरतो. फीचा आकडा प्रस्तावात लिहा, पण प्रवासखर्च वेगळा दाखवा. खानापूरहून बेळगाव सव्वीस किलोमीटर, बेळगावहून निपाणी पंचाहत्तरच्या आसपास. रोज निपाणीला जाऊन दोन महिन्यांनी काम सोडणारे बरेच असतात. केंद्रीय विद्यालयं आणि नवोदय दर वर्षी कंत्राटी समुपदेशक घेतात. केंद्रीय विद्यालयांच्या थेट मुलाखती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होतात. जिल्ह्यातलं नवोदय कोथळीला आहे, म्हणजे चिकोडीकडच्यांना जवळ.

शालेय समुपदेशनासाठी एकच अभ्यासक्रम निवडायचा झाला तर एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशन डिप्लोमा निवडा. म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षणसंस्थेत त्याचं केंद्र आहे. वर्षभराचा अभ्यासक्रम: सहा महिने घरून, तीन महिने प्रत्यक्ष तिथे राहून, तीन महिने आपल्या गावी इंटर्नशिप. शेवटच्या तीन महिन्यांत आपल्याच तालुक्यातल्या शाळेत काम होतं आणि शाळा तुम्हाला ओळखू लागते.

व्यसनमुक्ती केंद्रांत जागा पटकन मिळते, पण रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचारा. मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, डॉक्टर आठवड्यातून किती दिवस येतात, रात्री कोण असतं. दारू अचानक तुटल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. डॉक्टर नसलेल्या ठिकाणी अशा वेळी हाक समुपदेशकालाच मारतात आणि पुढे दोषही त्याच्याच माथी येतो. नोंदणी नसेल तर पगार कितीही असला तरी तिथे जाऊ नका.

रुग्णालयांत बेळगावची सिव्हिल, म्हणजे बिम्स, आणि केएलई ही दोन मोठी ठिकाणं. शिवाय खासगी मनोविकारतज्ज्ञांचे दवाखाने आहेत. दवाखान्यात ‘व्हेकन्सी’ नसते, गरज असते. डॉक्टरांना सकाळी साठ पेशंट असतात आणि प्रत्येकाची हिस्टरी घ्यायला वेळ नसतो. दोन केस हिस्टरी नमुना म्हणून, ओळख पुसून, दीड पानात लिहून न्या: तक्रार पेशंटच्याच शब्दांत, कधीपासून, आधीचे उपचार, घरचं, व्यसन, जिवाचा धोका, मेंटल स्टेटस. नीट लिहिलेली हिस्टरी बघितली की डॉक्टर पंधरा मिनिटं देतात.

आता भाषा. इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण सीमाभागातल्या नोकरीचा निकाल बरेचदा इथेच लागतो, आणि मराठी मुलं इथे दोन टोकांच्या चुका करतात. काही जण ‘कन्नड येत नाही म्हणून आपल्याला घेणारच नाहीत’ म्हणून अर्जच करत नाहीत. काही जण ‘थोडं थोडं येतं’ लिहितात आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात.

सरकारी कंत्राटी पदाला कन्नड वाचता, लिहिता, बोलता येणं ही अट असते. कामाचं स्वरूपच तसं आहे: नोंदवही, चिठ्ठी, मासिक अहवाल, वरून आलेलं पत्र, सगळं कन्नडमध्ये. पण समोर बसणारा माणूस खानापुरात मराठी किंवा कोकणी बोलतो, निपाणीत मराठी, बेळगाव शहरात मराठी, कन्नड, दख्खनी उर्दू काहीही, अथणीच्या एखाद्या वाडीवर घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी. फक्त कन्नड येणारा समुपदेशक खानापूरच्या सासूशी बोलू शकत नाही आणि फक्त मराठी येणारा रायबागच्या शेतकऱ्याशी. दोन्ही भाषांत केस घेऊन कन्नडमध्ये नोंद लिहिणारी माणसं थोडी आहेत. तुमची मराठी ही अर्जातली पहिली ओळ असायला हवी, शेवटची नाही. फक्त तिच्या जोडीला लिहिता येणारं कन्नड लागतं.

ते येतं. आपल्या कानाला ती भाषा लहानपणापासून आहे, अडलंय फक्त अक्षरांशी. रोज एक तास दिला तर तीन आठवड्यांत अक्षरओळख आणि जोडाक्षरं होतात. त्यानंतर पाठ्यपुस्तकाऐवजी कामाचे कागद घ्या: सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी, अंगणवाडीचा तक्ता, खात्याची जाहिरात. चौथ्या महिन्यापासून रोज एक केस पाच ओळींत कन्नडमध्ये लिहा आणि मैत्रिणीकडून तपासून घ्या. कागद हवा असेल तर कन्नड साहित्य परिषदेच्या प्रवेश, काव, जाण, रत्न या परीक्षा आहेत. त्यातली एखादी दिलेली असेल तर प्रयत्न केल्याचा पुरावा राहतो, पण जाहिरातीतल्या भाषेच्या अटीची जागा ती घेत नाही. ती अट जशी लिहिली आहे तशीच पाळावी लागते.

मात्र समुपदेशनाचं कन्नड पुस्तकी नसतं. बेळगावकडचा माणूस ‘तली केट्टद’ म्हणतो. शब्दशः ‘डोकं बिघडलंय’, पण बहुतेक वेळा त्याला म्हणायचं असतं ‘वैतागलोय’. हे वेडाचं लक्षण म्हणून लिहून टाकलं तर पुढचा डॉक्टर भलत्याच दिशेने जातो. ‘बेजार’ हा शब्द आणखी फसवा. मराठीत बेजार म्हणजे त्रासलेला, हैराण झालेला. कन्नडमध्ये ‘बेजारु’ म्हणजे उदास, मन खट्टू झालेलं, कधी नुसता कंटाळा. एखादी बाई ‘भाळ बेजारागेद’ म्हणाली आणि मराठी कानाने ते ‘कामाने हैराण झाली’ असं ऐकलं, तर तिचं नैराश्य आपल्या हातून निसटलं. ‘निद्दी बरूदिल्ल’, झोप येत नाही, हे बहुतेकांचं पहिलं वाक्य असतं. ते ऐकलं की झोप लागत नाही की पहाटे मोडते, हे विचारायचं. आणि ‘जीवना साकागेद’, जगणं पुरे झालंय, हे ऐकलं की तिथून पुढे जायचं नाही. ‘सायबेकु अनस्तदेनु?’, मरावंसं वाटतं का, हे त्याच भाषेत, थेट, आवाज न चढवता विचारता आलं पाहिजे. मराठीत आपण ‘जीव नको झालाय’ ऐकल्यावर जसं विचारतो तसंच. मुलाखतीत एखादा कन्नड डॉक्टर हेच वाक्य टाकून बघतो. असे पन्नास वाक्प्रयोग जमवून वहीत दोन भाषांत समोरासमोर लिहा.

अर्जाचं म्हणाल तर दोन पानांच्या पुढे जाऊ नका. ‘गुड कम्युनिकेशन स्किल्स’, ‘हार्डवर्किंग’ या ओळी काढून टाका. त्याऐवजी असं लिहा: ‘तालुका रुग्णालयातील मानसिक आरोग्य बाह्यरुग्ण विभागात 12 दिवस, 34 रुग्णांच्या केस हिस्टरी मराठीत व कन्नडमध्ये, देखरेख मनोविकारतज्ज्ञांची.’ आकडा खरा असला पाहिजे. त्यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: तारीख, वयोगट, तक्रार, किती वेळ, भाषा, कोणाच्या देखरेखीखाली. नाव-गाव कधीच नाही. पुढे देखरेखीखालचे तास कुणी विचारले तर याच वहीवर बोट ठेवता येतं.

कागदांत शाळेचा दाखला, पहिली ते दहावी कुठे शिकलात त्याचं स्टडी सर्टिफिकेट, जात-उत्पन्नाचा नाडकचेरीतला दाखला हे आधीच काढून ठेवा. ग्रामीण भागात शिकलेल्यांना राज्याच्या भरतीत वेगळा लाभ असतो आणि माध्यम मराठी असलं तरी तो मागता येतो, फक्त प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात हवं. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या 3बी प्रवर्गात आहे. तो राज्याचा प्रवर्ग झाला. केंद्राची यादी वेगळी असते, तेव्हा हाच दाखला केंद्राच्या परीक्षेला चालेल असं गृहीत धरू नका. आणि राज्यघटनेच्या 371जे कलमातल्या आरक्षणाचा लाभ बिदर, कलबुर्गी भागाला आहे, बेळगावला नाही. यात दर वर्षी कुणीतरी चुकून अर्ज बाद करून घेतं.

मुलाखतीत कायद्याचे चार प्रश्न ठरलेले असतात. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाबद्दल 2017 चा कायदा काय म्हणतो? कलम 115 प्रमाणे तो तीव्र ताणाखाली होता असं मानायचं. अल्पवयीन मुलीने अत्याचाराबद्दल सांगितलं तर? पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, ‘गोपनीयता ठेवीन’ हे उत्तर चुकीचं, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. पालक मुलाच्या भेटीची टिपणं मागतात तेव्हा काय द्याल? आणि आपल्या आवाक्याबाहेरचा पेशंट कुठे पाठवाल? या शेवटच्या प्रश्नाला ‘मोठ्या हॉस्पिटलला’ म्हणू नका. वार, विभाग आणि जाण्याची सोय सांगा: तालुक्याला मंगळवार, बेळगावला सिव्हिलचा मनोविकार विभाग, त्याहून अवघड असेल तर धारवाड. काही ठिकाणी दहा मिनिटांची नाट्यरूप मुलाखत घेतात. त्यात सल्ला देण्याची घाई हीच मोठी चूक ठरते. पहिली सात मिनिटं फक्त विचारा, ऐका, थोडक्यात परत सांगा.

शिकवण्याकडे वळायचं तर कॉलेजात प्राध्यापक होण्याच्या पात्रता परीक्षांमधला फरक नीट समजून घ्या, इथे सीमाभागातली मुलं फसतात. महाराष्ट्राची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, ती महाराष्ट्र आणि गोव्यापुरती. प्रश्नपत्रिका मराठीत मिळते म्हणून बेळगावची मुलं ती देतात, पास होतात आणि मग कळतं की राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजात ती चालत नाही. कर्नाटकासाठी के-सेट. नेट दोन्हीकडे चालते. म्हणून पहिली पसंती नेट: वर्षातून दोनदा, पहिला पेपर 50 प्रश्न 100 गुण, दुसरा 100 प्रश्न 200 गुण, एकत्र तीन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. खुल्या प्रवर्गाला एम.ए.त 55 टक्के लागतात, तुमचे 58 आहेत, ती अडचण नाही. जुलै 2023 पासून सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची नाही, नेट किंवा सेट पुरते.

नेट होईपर्यंत शिकवण्याचा अनुभव नर्सिंग कॉलेजांत मिळतो. बी.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या सत्रात अप्लाइड सायकॉलॉजी हा विषयच आहे. बेळगाव परिसरात नर्सिंग कॉलेजं पुष्कळ, आणि या विषयाला अर्धवेळ माणूस शोधण्याची घाई सत्र सुरू होताना उडते. फिजिओथेरपीतही मानसशास्त्र आहे. पत्र देताना पहिल्या चार आठवड्यांचं तासवार नियोजन जोडा. बी.एड. कॉलेजात शिकवायचं असेल तर मात्र एम.एड. मागतात.

सीमेपलीकडचं दारही खुलं आहे. महाराष्ट्र शासनाच्या 10 जुलै 2008 च्या निर्णयानुसार दावा सांगितलेल्या 865 गावांतला मराठी उमेदवार तिथल्या सरकारी पदाला अर्ज करू शकतो. 15 वर्षांच्या वास्तव्याचा तहसीलदाराचा दाखला विहित नमुन्यात लागतो. आपलं गाव यादीत आहे का बघा आणि दाखला आधीच काढा, जाहिरात आल्यावर तो वेळेत मिळत नाही. आरक्षणही त्यातून आपोआप मिळतं असं समजू नका. गडहिंग्लज, कोल्हापूर इथल्या मैत्री क्लिनिक आणि आयसीटीसीच्या जागा निपाणी-संकेश्वरकडच्यांना बेळगावपेक्षा जवळ पडतात. तिथे कॉलेजातलं अर्धवेळ काम ‘तासिका तत्त्वावर’ या नावाने निघतं, इथे ‘अतिथी उपन्यासक’ म्हणून.

पैशांबद्दल एवढंच: कंत्राटी पद बहुतेक अकरा महिन्यांचं असतं आणि मधे एजन्सी असू शकते. हातात किती येणार, पीएफ आणि ईएसआय कापून की वेगळं, पगार किती तारखेला, हे लेखी घ्या. अनामत रक्कम मागणारी किंवा मिळालेल्यापेक्षा जास्त रकमेवर सही मागणारी संस्था तिथल्या तिथे सोडा. तीन दिवसांत ‘सर्टिफाइड कौन्सेलर’ करणाऱ्या शिबिरांना पाच-दहा हजार घालवू नका. तेवढ्या पैशांत अनुभवी माणसाकडून महिन्यातून दोनदा, सहा महिने केसवर चर्चा करून घेता येते. एकट्याने काम करणाऱ्याला तिची गरज सर्वांत जास्त. पहिली आत्महत्येची धमकी, पहिला पॉक्सोचा प्रसंग एकट्याच्या डोक्यावर आला की चांगली माणसंसुद्धा हे काम सोडतात.

आणि जागा मिळाली की होकार देण्याआधी बसायची खोली बघून या. अनेक ठिकाणी समुपदेशकाचं टेबल औषधांच्या खोक्यांमागे किंवा रांगेच्या तोंडाशी असतं. दार लागतं का, आतलं बोलणं बाहेरच्या बाकावर ऐकू येतं का, हे कुणाला तरी बाहेर बसवून तपासा. ऐकू येत असेल तर खोली बदलून मागा. ते शक्य नसेल तर गर्दी ओसरल्यावरचे, दुपारी दोननंतरचे दोन तास भेटींसाठी राखून लेखी मागा. रुजू होण्याआधी हे मागितलं तर मिळतं, महिनाभराने मागितलं तर कुणी ऐकत नाही.